एक मिनिट, चार सेकंद

मित्रांनो, किती वाजले ते मला विचारू नका, मला ते येत नाही. पण किती वेळ लागला ते माझ्याइतके नेमके कोणी सांगणार नाही. मी एक जुना स्टॉपवॉच आहे, चावीचा आणि तळहातात मावणारा. एकदा बटण दाबले की धावतो, दुसऱ्यांदा थांबतो, तिसऱ्यांदा शून्यावर परततो. 'काटेकोर' हा शब्द माझ्या काट्यावरूनच आला असावा, असे मला उगीचच वाटते.

कारखान्यात मला सात दिवस तपासले गेले. मग मी मानसशास्त्रज्ञ घडवणाऱ्या एका संस्थेत आलो. तिथल्या चाचणीच्या खोलीत बुटके टेबल होते आणि लाल-पांढरे ठोकळे होते. चित्रातली आकृती मुलांनी ठोकळ्यांनी साठ सेकंदांत जुळवायची आणि वेळ मी मोजायचा. कोणत्या मुलाला खास शिक्षक लागेल ते मिळालेल्या गुणांवरून ठरे. त्या खोलीच्या मॅडमना सगळे मागून 'काटेकोर बाई' म्हणत. त्या माझी काच रोज पदराने पुसत आणि म्हणत, "हा एकटाच कधी कारणं सांगत नाही."

एक शिकाऊ ताई त्यांच्या हाताखाली होती. हुशार आणि मायाळू. मॅडमची सही मिळाली की तिला एकटीने चाचण्या घेता येणार होत्या, आणि ती सही दोन दिवसांवर आली होती.

त्या दिवशी समोर आठ वर्षांची मुलगी होती. शेवटच्या आकृतीचा शेवटचा ठोकळा तिच्या हातात असतानाच साठ सेकंद संपले. तिने तो बसवला तेव्हा मी एक मिनिट, चार सेकंदांवर थांबलो. ताईने माझ्याकडे पाहिले, मुलीकडे पाहिले आणि कागदावर लिहिले: एकोणसाठ. मग तिने घाईघाईने बटण दाबले. मी शून्यावर गेलो. मित्रांनो, शून्यावर गेलेला काटा साक्ष देऊ शकत नाही.

त्या एका आकृतीच्या गुणांनी मुलगी काठावर पास झाली. अहवालात आले की खास शिक्षकाची गरज नाही. ताईने मुलीच्या आईला तसे सांगितले.

आई म्हणाली, "बरं झालं बाई. पण मग फळ्यावरचं उतरवताना ती रोज रडते कशी?"

मी ताईच्या मुठीत होतो. ती तशीच मॅडमच्या टेबलाशी गेली.

"मॅडम, शेवटच्या आकृतीला चौसष्ट सेकंद लागले होते. मी एकोणसाठ लिहिले."

मॅडमनी चष्मा काढला. "का?"

"दया आली."

"कुणाची?"

"तिचीच. म्हणजे…" ताईने मला टेबलावर ठेवले. "तिचा चेहरा पडलेला मला बघवला नसता."

"मग ती दया तुझी तुझ्यावरच होती."

"आणि माझी सही?"

"लांबली. आधी अहवाल दुरुस्त कर, मग आणखी दहा चाचण्या माझ्यासमोर." मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. "तू आली नसतीस तर मला कळलंच नसतं. परवा सही करून मी मोकळी झाले असते."

मुलीला खास शिक्षक मिळाला. त्या दहांतल्या पहिल्याच मुलाचीही वेळ संपली. ताईने त्याला आकृती पुरी करू दिली, खरी वेळ लिहिली आणि म्हणाली, "तू शेवटपर्यंत सोडलं नाहीस, ते मी पाहिलं." तेव्हाच मी ओळखले की ही आता तयार झाली. मॅडमना मात्र ते कळायला आणखी नऊ मुले लागली.

पुढे बॅटरीची घड्याळे आली आणि मी वाळक्या खोडरबरांसोबत खणात पडलो. काटा गंजू लागला होता. मग एके दिवशी खण उघडला. तीच ताई, आता स्वतः शिकवणारी.

एक शिकाऊ मुलगी हसली. "ताई, हे संग्रहालयातून आणलंत?"

"आधी चावी दे त्याला. मग टोमणे मार."

आता प्रत्येक नव्या तुकडीला ती माझ्यासह ही गोष्ट सांगते, स्वतःचे नाव घालून.

मित्रांनो, मोजणाऱ्या वस्तूंना जपा. चावी द्या, धूळ पुसा. आणि तिसऱ्यांदा बटण दाबण्याआधी माझ्याकडे नीट बघा. शून्यावर गेल्यावर मला बोलता येत नाही. मग तुम्हालाच बोलावे लागते.