सिस्टरची जबानी

अपघात विभागातल्या मुख्य सिस्टरला तिथे बावीस वर्षं झाली होती. रक्त पाहून तिनं कधी तोंड फिरवलं नाही, पण वरून आलेलं पत्र मात्र ती सगळ्यात शेवटी उघडायची. त्या वर्षी तीन पत्रं आली. पहिल्यानं दोन सिस्टर कमी केल्या, दुसऱ्यानं दारावरचे पहारेकरी काढले. तिसऱ्यानं कळवलं, की आहे त्या माणसांत जास्त रुग्ण तपासून कार्यक्षमता वाढवावी.

"साहेब, अंथरूण पाहून पाय पसरावेत हे कळतं," ती अधीक्षकांना म्हणाली. "पण अंथरूणच ओढून नेलं. आता उभ्यानं झोपायचं का?"

अधीक्षक हसले. माणूस वाईट नव्हता, पण हसण्यापलीकडे त्यांच्या हातात फारसं काही नव्हतं. थांबलेल्या हृदयाला झटका देणारं मशीन सात आठवडे दुरुस्तीत अडकलं होतं. त्यासाठी सिस्टरनं पाच अर्ज लिहिले होते. उत्तर एकाचंही आलं नाही.

मंगळवारी अकराच्या सुमाराला लाकडाच्या गिरणीतून एका कामगाराला आणलं. करवतीचं पातं जांघेत शिरलं होतं. जखम इतकी वर, की पट्टा आवळायलाही जागा नव्हती. ड्युटीवर एकच डॉक्टर. अंगानं इतका किडकिडीत, की सगळे त्याला काडी म्हणत. आतल्या खोलीत काडीनं दोन बोटं जखमेत घालून रक्तवाहिनी दाबून धरली. शस्त्रक्रियेचे डॉक्टर आता दोन दवाखान्यांत मिळून एकच होते, आणि ते दुसरीकडून निघाले होते.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. सिस्टरचा धाकटा दीर बापाला पाठीवर घेऊन आत आला.

"वहिनी! बाबांच्या छातीत कळ आली. बघ ना, कसे करतायत!"

सासऱ्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. खाट रिकामी नव्हती. सिस्टरनं जमिनीवर गादी टाकून त्यांना निजवलं, जिभेखाली गोळी ठेवली, प्राणवायूची नळी लावली आणि आतल्या खोलीकडे ओरडली, "डॉक्टर, लवकर या!"

"बोटं काढली तर हा गेलाच, सिस्टर!"

सासऱ्यांनी तिचं मनगट धरलं होतं. बघता बघता ती पकड सैल पडली. सिस्टर गुडघ्यांवर बसली आणि छाती दाबू लागली. एक बरगडी कट्कन मोडली, तरी ती थांबली नाही. मशीनच्या जागी भिंतीवर नुसता खिळा होता.

आत काडीनं म्हाताऱ्या आयामावशीचा हात धरून जखमेत नेला. "मावशी, इथं दाबा. काही झालं तरी सोडू नका." आणि तो धावत बाहेर आला. पाच-सहा मिनिटं त्यानं शर्थ केली. मग मान हलवली.

दिराला दिसलं ते एवढंच, की बाप गादीवर निपचित पडलाय आणि कोपरापर्यंत रक्तानं भरलेला एक पोरगेला डॉक्टर उठून उभा राहतोय.

"माझा बाप मरत होता, तेव्हा तू आत काय करत होतास रे?"

उत्तराची वाट त्यानं पाहिलीच नाही. पहिल्या ठोशात काडी बेसिनवर आपटला. दुसऱ्यात त्याचा जबडा वाकडा झाला. दिरानं सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला आणि पडलेल्या माणसावर दोन्ही हातांनी हाणू लागला. काडीनं डोकं वाचवायला हात वर केला, तो मनगटातून लोंबू लागला.

"भाऊजी, सोडा त्याला! मरेल तो!"

रांगेत तीन-तीन तास ताटकळलेले लोक इतका वेळ नुसते बघत होते. त्यातला एक ओरडला, "फोडा रे सगळं!" आणि सगळ्यांचाच बांध फुटला. औषधांच्या कपाटाच्या काचा फुटल्या, टेबलं उलथली. एकानं लोखंडी स्टूल आतल्या खोलीत भिरकावलं, ते मावशीच्या कानशिलावर बसलं. मावशी कोसळली. जखमेतून तिची बोटं निसटली, आणि रक्ताची धार समोरच्या भिंतीवर उडाली.

सिस्टरनं ते दारातून पाहिलं. तिच्या हाताला प्राणवायूचा सिलिंडर उघडायचा पाना लागला. जिवाच्या आकांतानं तिनं तो दिराच्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. स्टँड खाली पडला.

"वहिनी... तू मला मारलंस?"

ती त्याच्याकडे न बघता आत धावली. जखमेत मूठ घालून तिनं दाबलं. पण गिरणीतल्या कामगाराचे डोळे तोवर छताला लागले होते. दोन-चार मिनिटांत पोलीस आले, तेव्हाही तिची मूठ तशीच होती. ती सोडवायला दोघं लागले.

दुसऱ्या दिवशी तिची जबानी झाली. घरून निघताना नवरा दारात आडवा उभा राहिला होता. "गर्दीत कोणी मारलं ते दिसलं नाही, एवढंच सांग. बाप गेला, आता भाऊही घालवू का?"

पोलीस अधिकारी लिहीत होता, अधीक्षक शेजारी बसले होते. सिस्टरनं दिराचं नाव सांगितलं. किती वार, कशानं, सगळं सांगितलं. मग मशीनबद्दल, पाच अर्जांबद्दल आणि पहारेकऱ्यांबद्दल सांगितलं. इथे लेखणी थांबली.

"हे या गुन्ह्यात येत नाही," अधीक्षक हळूच म्हणाले. "कशाला उगाच, सिस्टर?"

"मग सहीही येत नाही," ती म्हणाली. "माझ्या दिराला आत घालायला माझा शब्द चालतो. पुढचा नाही चालत होय?"

दीड तास ती खुर्चीतून हलली नाही. अखेर ते सगळं लिहिलं गेलं आणि तिनं सही केली.

दिराला सात वर्षांची शिक्षा झाली. मावशी वाचली, पण एका कानानं बहिरी झाली. काडीचा जबडा तारांनी बांधला होता. तो बरा झाला आणि नोकरी सोडून गेला. मशीन महिन्याभरात आलं. ते कोणामुळे आलं, हे मात्र कागदोपत्री कुठे नव्हतं. नवरा तिच्याशी बोलेनासा झाला.

निकालाच्या संध्याकाळी सासूबाईंनी तिला खोलीत बोलावलं. "खरं सांग. मशीन असतं तर हे वाचले असते?"

"कदाचित."

"आणि तो गिरणीवाला?"

"भाऊजी थांबले असते, तर वाचला असता."

सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्याला बायको होती?"

"होती. दोन मुली आहेत."

"मग केलंस ते बरोबर केलंस," त्या म्हणाल्या. "पण तो माझा लेक आहे. थोडे दिवस माझ्या डोळ्यांसमोर येऊ नकोस."

सिस्टरनं पिशवी भरली आणि दवाखान्यामागच्या कर्मचाऱ्यांच्या खोल्यांत राहायला गेली. सकाळी आठला तिची पाळी होती.