कँटीनमागचा जनरेटर

मी एक जुना जनरेटर आहे. एका मोठ्या कॉलेजच्या कँटीनमागे, पत्र्याच्या शेडमध्ये राहतो. स्वभाव तापट आहे, मित्रांनो. चालू झालो की बोल्टांसकट थरथरतो. गप्प बसणं मला जमतच नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा पिवळाधमक होतो. इथे आलो त्याच वर्षी ऐन परीक्षेत वीज गेली. पोरं ओरडायला लागली. मी एका झटक्यात अख्खी इमारत उजळून टाकली. वायरमनकाकांनी माझी पाठ थोपटली. मग काय, मी जो फुगलो तो फुगलोच.

माझ्या धुराचं नळकांडं मात्र बुटकं राहिलं. ते छताच्या वर न्यायचा नियम आहे. कोणी नेलं नाही. नळकांड्यासमोरच कँटीनच्या मावशींची खिडकी. मावशी तिथे उभ्या राहून भाजी चिरायच्या आणि मी त्यांच्या तोंडावर धूर सोडायचो. मला ते कळायचंही नाही. माझं तोंड पुढे, धूर मागे.

माझा एअर फिल्टर बदलायचं सगळे विसरले. धूर काळाकुट्ट झाला. मावशींना दम लागायला लागला. त्या मोठ्या सरांना, म्हणजे प्राचार्यांना, भेटून आल्या आणि भांडी आपटत सुटल्या.

"काय म्हणाले?" काकांनी विचारलं.

"खिडकी बंद ठेवा म्हणाले. एवढ्या शेगड्यांसमोर. त्यांनी ठेवून बघावी एक दिवस."

मावशींनी सरळ प्रदूषण खात्यात तक्रार ठोकली.

कॉलेजला तेव्हा गेटवर खात्याकडून मिळणारी 'हरित परिसर' ही पाटी लावायची होती. त्यासाठी फिल्टर नाही आला, हिरवा रंग आला. मला वरपासून खालपर्यंत फासला. असा संताप झाला म्हणून सांगू.

खात्याच्या बाई तपासायला यायच्या होत्या त्या दिवशी मोठ्या सरांनी काकांना बाजूला घेतलं. "इमारतीतली सगळी बटणं बंद ठेव. नुसता चालू करून दाखव."

दिवे-पंख्यांचं ओझं नसलं की माझा धूर कमी निघतो. तपासणीच्या दिवशी सगळीकडे हेच करतात.

"आणि मावशींचं काय, सर?"

"त्यांना आज सुट्टी दे."

मावशी सुट्टी घेऊन खिडकीतच बसल्या.

पण बाईंच्या स्वागतासाठी सरांनीच हॉलमधले एसी, कारंजं आणि माइक सुरू करून ठेवले होते. ते बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. काकांनी मेन लाइन बंद केली आणि ते सगळं माझ्या डोक्यावर येऊन पडलं. मी गुरगुरलो, धडधडलो आणि काळा लोट सोडला. काकांनी घाईने मला बंद केलं. मावशी खोकत बाहेर आल्या.

"हा रोज असाच चालतो?" बाईंनी विचारलं.

"छे हो, आज जरा पाहुणे आहेत ना," सर म्हणाले.

"पाहुणी मीच आहे," बाई म्हणाल्या आणि मागे जाऊन मावशींच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. "आता परत चालू करा."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी चाललो. मग त्यांनी मला सील ठोकलं. नळकांडं छताच्या वर गेल्याशिवाय आणि फिल्टर बदलल्याशिवाय मला चालू करायचं नाही. पाटीही मिळणार नाही.

सरांनी दोन दिवसांत वेल्डर बोलावला. मग नळकांडं वर गेलं, फिल्टर आला. पुढे छतावर सोलर पॅनल आले आणि माझं काम जवळजवळ संपलं. आता महिन्यातून एकदा काका मला थोडा वेळ चालवतात. बाकी सगळा वेळ नुसता बसून असतो. हात-पाय असते तर शेडभर येरझाऱ्या घातल्या असत्या.

मित्रांनो, एक करा. जे यंत्र चालवाल, त्याच्या मागच्या बाजूला जाऊन एकदा उभे राहा. तिथे कोणीतरी भाजी चिरत असतं.

मी चालू असायचो तेव्हा मला फक्त माझाच आवाज ऐकू यायचा. आता शांत असतं. खिडकीतला धूर थांबून वर्ष झालं, तरी मावशी अजून खोकतात. मी इथे बसून ऐकतो.