मळके कपडे मशीनला चालत नाहीत

रश्मीचं उजवं मनगट शेवटी कामातून गेलं. पण गुडीहत्नूरच्या त्या घरात असं काही झालंच नाही असं ठरलंय, तेव्हा आपणही तेच धरून चालू. मनगट ठणठणीत आहे. पट्टा तिनं हौसेनं बांधलाय.

घरात वॉशिंग मशीन येऊन सहा वर्षं झाली आणि त्याच्यावर एक ओरखडा नाही, हे तिचे सासरे मोतीराम पाहुण्यांना चहाच्या आधी सांगत. सरकारी कारकुनीतून ते निवृत्त झालेले. कशालाही ताण न देण्याचा तीस वर्षांचा अनुभव गाठीशी. मशीनला झालरीचं कव्हर होतं, स्वतःचा स्टॅबिलायझर होता, उन्हाळ्यात टेबलफॅन होता. चादरी वर्ज्य; दम लागतो. जीन्सचं तर नावच काढायचं नाही. एक फेरा झाला की दोन तास आराम. जरा खडखडलं तरी सगळं घर हातातली कामं टाकून, काय झालं, म्हणत धावायचं.

मळक्या कपड्यांनी मशीनचं पोट बिघडतं, असा मोतीरामांचा अभ्यास. म्हणून रश्मी सकाळी उठून सगळे कपडे हातानं धुवायची, पिळायची आणि पुरते स्वच्छ झाले की मशीनमध्ये टाकायची. मशीन फक्त शिक्का मारायचं. मग ती बस पकडून शाळेत शिकवायला जायची. एक दिवस फळ्यावर लिहिताना खडू हातातून गळला, तशी ती दवाखान्यात गेली आणि पट्टा बांधून घरी आली.

"मामाजी, डॉक्टर म्हणतात पिळणं बंद. मळके कपडे मशीनमधीच टाकू द्या."

"आमाले तुही काळजी नाई का? पण मशीनचा पार्ट हैदराबादवरून येते बाई. मनगट आपोआप भरते."

सासू चंद्रभागाबाई झालर उसवली होती ती शिवत होत्या. "सा वर्साचं लेकरू हाये ते. तू तं चांगली तीस वर्साची घोडी!"

"मंग माह्यावर काऊन कव्हर नाई घालत, आत्याबाई?"

मोतीरामांनी चष्मा चढवला. "लेखी दे. तोंडी आमी घेत नाई."

रश्मीनं डाव्या हातानं लिहून दिलं:

"माननीय कुटुंबप्रमुख यांच्या सेवेशी. अर्जदार आठ वर्षांपासून या घरात अखंड चालू स्थितीत आहे. तरी अर्जदाराचे नाव सुनांच्या यादीतून कमी करून यंत्रांच्या यादीत घेण्यात यावे. आणि यापुढे अर्जदारातून कसलाही आवाज आल्यास घरातील सर्व कामे तत्काळ थांबवून, काय झाले, असे निदान एकदा विचारण्यात यावे, ही नम्र विनंती."