आतल्या बाजूची कडी

मी एका दाराची कडी बोलतेय. दार केव्हाच जळणात गेलं. मी लोखंडाची, म्हणून उरले.

युरोपातल्या फ्लँडर्समधल्या एका लोहाराने मला घडवलं, तेव्हा तिथे बेगीन म्हणवणाऱ्या बायकांची वस्ती होती. मधे अंगण, भोवती छोटी घरं, बाहेर भिंत. कुणी विधवा, कुणी बिनलग्नाच्या, कुणी नुसत्याच कंटाळलेल्या. लोकर कातायच्या, आजाऱ्यांची सेवा करायच्या, प्रार्थना करायच्या आणि स्वतःच्या कमाईवर जगायच्या. जन्मभराची शपथ कुणालाच नव्हती. वाटलं तर उद्या निघून जावं, लग्नही करावं. नवऱ्याच्याही ताब्यात नाही आणि मठाच्याही नाही, अशी बाई पाहून धर्मपंडितांची झोप उडायची. काही बेगिनींना त्यांनी पाखंडी ठरवून जाळलंदेखील. वस्त्या तरी टिकल्या.

मी आतल्या बाजूला होते. चौकशीला आलेले पाद्री, स्थळ घेऊन आलेले काका-मामा, सगळ्यांनी बाहेरून ठोठावलं. उघडायचं की नाही, ते आतली ठरवायची.

पुढे बेगिनी संपल्या, वस्तीत पर्यटक आले आणि मी जुन्या बाजारात. तिथून, अमेरिकेतल्या शॉमबर्गहून फिरायला आलेल्या गिरिजाने, एका निवृत्त लायब्ररियनने, मला उचललं आणि बेगिनींच्या गोष्टींसकट मैत्रीण संध्याला दिलं. संध्याचे यजमान नुकतेच गेले होते. शॉमबर्गलाच एका अंगणाची शेजारशेजारची दोन घरं दोघींनी हेरून ठेवली होती.

पण मुलगा नकुल तिला टेक्ससमधल्या फ्रिस्कोला, आपल्या घरी घेऊन गेला. एकटी कशाला राहतेस, म्हणाला. एकटी राहणं आणि मैत्रिणीशेजारी राहणं यातला फरक त्याच्या इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात नव्हता. त्याने आईला खालची खोली दिली आणि हौसेने मला तिच्या दाराला लावलं. बाहेरून.

"अरे, कडी बाहेरून?" संध्याने विचारलं.

"आई, व्हिंटेज पीस आहे. आतून लावली तर दिसणार कोणाला?"

एका सकाळी त्याची मीटिंग होती. जमीन झाडणारा रोबो आईच्या खोलीत पलंगाखाली अडकतो, म्हणून जाता जाता त्याने मला सरकवलं. आत आई आहे, हे रोबोच्या काळजीत राहून गेलं.

मग ठोठावणं ऐकू आलं. आतून. इतक्या शतकांत पहिल्यांदा. पाद्र्यांना जे जमलं नाही, ते एका झाडूने माझ्याकडून करवून घेतलं.

मीटिंग संपल्यावर नकुलने दार उघडलं. "सॉरी आई, कॉलवर होतो. टेक्स्ट करायचंस ना."

संध्या रागावली नाही. तिने स्क्रूड्रायव्हर मागितला. मी काढतो, तो म्हणाला.

"नको, माझी मी काढते. मी शॉमबर्गला जातेय."

"आई, असं कसं जातेस?"

"तुझ्याकडे राहायची शपथ घेतली नव्हती, नकुल. येईन, जाईन."

आता मी शॉमबर्गला संध्याच्या दाराला आहे, आतून. गिरिजा रोज चहाला येते, तीसुद्धा ठोठावते. थँक्सगिव्हिंगला नकुल यायचाय. त्याने किल्लीची कॉपी मागितली, मिळाली नाही. यावं त्याने, जरूर यावं. मी गंजले असेन, पण माझ्यावर हात संध्याचा आहे. तेव्हा दार वाजवा, आणि उघडेपर्यंत थांबायला शिका.