न वापरलेली वस्तू

एकतीस वर्षं मी विक्रीकर खात्यात काढली. ऑफिसात लोक माझ्यामागे मला 'कलम' म्हणायचे. मला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. त्यामुळे गेल्या वर्षी आम्ही दोघं जर्मनीला लेकीकडे गेलो आणि निकिताने आईला लोकरीचा कोट घ्यायचं ठरवलं, तेव्हा दुकानात माझा पहिला प्रश्न ठरलेला होता. "टॅक्स परत मिळतो ना?"

मिळतो. परदेशी पाहुण्याने वस्तू घ्यायची, दुकानातून फॉर्म भरून घ्यायचा आणि निघताना विमानतळावर कस्टमवाल्याला वस्तू दाखवून शिक्का मारून घ्यायचा. अट एकच, वस्तू न वापरलेली हवी. निकिता तिथे राहते, म्हणून तिच्या नावावर काही मिळत नाही. फॉर्म माझ्या पासपोर्टवर निघाला. "तू इथे राहतेस म्हणून तुला नाही, आम्ही परत जाणार म्हणून आम्हाला," असं मी तिला शहाण्यासारखं समजावलं. "हो पप्पा," ती म्हणाली आणि कोटाच्या बाह्या बघत राहिली. मी परत मिळणाऱ्या पैशांचा हिशोब करत होतो.

निकिता सहा वर्षांपूर्वी "दोन वर्षांत येते" म्हणून गेली होती. नाशिकला इंदिरानगरमधल्या आमच्या घराची वरची खोली मी अजून भाड्याने दिलेली नाही. चार चांगले भाडेकरू परत पाठवले. ती परत येणार की नाही, हा एकच प्रश्न घेऊन मी जर्मनीला गेलो होतो आणि पाच आठवड्यांत तो एकदाही तोंडातून निघाला नाही. टॅक्सचं मात्र रोज बोललो.

निघायच्या दिवशी विमानतळावर कस्टमच्या खिडकीपाशी मी फॉर्म, पावती, पासपोर्ट अशी सगळी कागदपत्रं क्रमाने लावून उभा राहिलो. त्या माणसाने पिशवीतून कोट काढला, झटकला आणि खिशात हात घातला. आतून एक ट्रामचं तिकीट निघालं आणि ओठांना लावायची एक कांडी. कॉलरला एक लांब केस होता. किमतीचं लेबल तर कुठे दिसतच नव्हतं.

"हा वापरलेला आहे," तो इंग्रजीत म्हणाला. आवाज सभ्य होता.

मी लंकाकडे बघितलं. लंका म्हणजे माझी बायको, सटाण्याची. ती फरशीकडे बघत होती.

"अहो, घडी मोडायला दिला होता तिला," ती म्हणाली. "नवीन कपडा तसाच अंगावर घालतात का? लेकीने घडी मोडली. दोन दिवस ऑफिसला घालून गेली ती."

"दोन दिवस? अगं, मी दुकानात काय बडबडत होतो? न वापरलेली वस्तू!"

"ते तुमचं ऑफिस होतं. कोट माझा आहे."

शिक्का मिळाला नाही. आपले दोन हजार रुपये गेले. पैशांचं एवढं नव्हतं, पण नियम पाठ असलेल्या माणसाची बायको नियमानेच अडकावी, हे मला फार लागलं. विमानात मी तिच्याशी बोललो नाही. मुंबई जवळ आली तेव्हा तिने मांडीवरच्या कोटात तोंड खुपसलं. चिडली किंवा रडू आलं की तिच्या तोंडी माहेरची अहिराणी येते. "मनी पोरना वास शे त्याले," ती म्हणाली. "राहू द्या तुमना टॅक्स."

त्या हिवाळ्यात निफाडला पारा पाचच्या खाली गेला. नाशिकलाही हाडं वाजत होती. मी म्हटलं, "आता तरी घाल तो कोट." ती नाही म्हणाली. घातला की धुवावा लागेल आणि धुतला की पोरीचा वास जाईल. कोट कपाटात लटकत राहिला. फेब्रुवारीत ती चार दिवस सटाण्याला गेली होती, तेव्हा एका दुपारी मी कपाट उघडलं. कशासाठी ते सांगायला लाज वाटते. वास होता, थोडासा.

यंदा दिवाळीनंतर निकिता आली, सोळा दिवसांसाठी. स्टेशनवरून आणताना मी मनात ठरवलं, या वेळी विचारायचंच. पहिले आठ दिवस पाहुण्यांत गेले. नवव्या दिवशी ती म्हणाली, "पप्पा, मला पैठणी घ्यायचीय. माझी स्वतःची. तिकडे सणाला नेसायला." मग आम्ही तिघं गाडीने येवल्याला गेलो.

झीशानचं दुकान मला नोकरीपासून माहीत. त्याच्या वडिलांच्या वह्या मी तपासल्या होत्या, एक चूक सापडली नव्हती. मुलगाही तसाच सरळ. त्याने मोरपंखी रंगाची पैठणी गादीवर उलगडली आणि निकिताचे डोळे तिथेच थांबले. लंकाने पदर उलटा करून बघितला, मान हलवली. भाव ठरला, चहा आला.

"साहेब, एक विचारू?" झीशान म्हणाला. "बाहेरच्या देशातलं गिऱ्हाईक येतं, म्हणतं आमचा टॅक्स परत करा. आपल्याकडे असं काही हाय का?"

बऱ्याच दिवसांनी कोणीतरी मला माझ्या कामाचं विचारत होतं. मी कप खाली ठेवला.

"कायद्यात कलम आहे," मी म्हटलं, "पण अजून लागू केलेलं नाही. त्यामुळे आज कोणालाच मिळत नाही. उद्या लागू झालं, तरी ते फक्त पर्यटकाला. आणि पर्यटक कोण, तेही लिहून ठेवलंय. जो एरवी भारतात राहत नाही." मी एक बोट दुमडलं. "जो सहा महिन्यांच्या आतल्या मुक्कामाला येतो." दुसरं बोट दुमडलं. "आणि ज्याचा इथे स्थायिक व्हायचा..."

तिसरं बोट दुमडायचं राहिलं. निकिता पैठणीकडे बघत नव्हती. ती माझ्या बोटांकडे बघत होती.

"हेतू नसतो," मी कसंबसं पुरं केलं.

झीशानला वाटलं असावं, साहेब कलम विसरले. निकिताने पदराची कड बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"मी सांगणारच होते, पप्पा," ती म्हणाली. "तिकडच्या नागरिकत्वाचा अर्ज दिलाय. मार्चमध्ये."

मार्चमध्ये. म्हणजे मी कपाट उघडलं त्याच्या पुढच्या महिन्यात. मला राग आला नाही. मला माझी पोर घरी हवी होती, वरच्या खोलीत, सकाळी उशिरा उठणारी. हे मी सहा वर्षांत तिला एकदाही सांगितलं नव्हतं.

"बिलावर पत्ता कुठला टाकू?" झीशानने हळूच विचारलं.

निकिताने माझ्याकडे बघितलं. मी घरचा पत्ता सांगितला. घर नंबर, गल्ली, इंदिरानगर, नाशिक, पिनकोडसकट. "टॅक्स पुरा लाव," मी म्हटलं.

"लावलाय, साहेब. पाच टक्के."

परतीच्या वाटेवर विंचूरपाशी लंका म्हणाली, "जेवायला येशील ना पण दरवर्षी?" आणि निकिता मागच्या सीटवर आईच्या खांद्यात डोकं घालून रडली. मी रस्त्याकडे बघून गाडी चालवत राहिलो. रडलो मीही, पण चष्मा असतो.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी निकिता बॅग भरत होती. पैठणी कागदासकट वर ठेवलेली होती. मी ती उचलली आणि स्वयंपाकघरात नेऊन लंकाच्या हातात दिली.

"नेस," मी म्हटलं. "घडी तू मोड."

"आत्ता? अहो, भाकरी टाकायच्यात मला."

"नेसूनच टाक. मेथीला फोडणी पण दे."

"डाग पडेल ना!"

"पडू दे."

लंकाने माझ्याकडे नीट बघितलं आणि पैठणीचा कागद सोडला. दिवसभर ती पैठणी नेसून घरात वावरली. भाकरी थापल्या, देवापुढे दिवा लावला, दुपारी तशीच आडवी झाली. शेजारची पूजा वाटी परत द्यायला आली तेव्हा दारातच उभी राहिली. "काय काकू, लग्न कोणाचं?" लंका नुसती हसली.

संध्याकाळी निकिताने पैठणी हातात घेतली. पदराला पिठाचा हात लागला होता. ती झटकायला गेली आणि थांबली.

"पप्पा, ही तर आता वापरलेली वस्तू झाली," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण आवाज फाटला. "टॅक्स परत नाही मिळायचा."

"नकोच आहे," मी म्हटलं. "परत यायचं असेल तर तू ये."

सहा वर्षं अडकलेलं वाक्य एकदाचं निघालं. पैठणीत तोंड खुपसून निकिता बराच वेळ उभी राहिली, अगदी तिच्या आईसारखी. मग तिने पैठणी तशीच, पिठासकट, बॅगेत ठेवली.