चांगल्याचं पान

"ताई, कंपनी चांगली वागली तर ते आपल्या पत्रिकेत का येत नाही?"

विचारलं एकदाचं. पत्रिका चालवणाऱ्या सुनयनाताईंना हे भर बैठकीत विचारून दाखव, अशी पैज जागृती आणि संघप्रिया या मैत्रिणींनी लावली होती, आणि हल्ली ऋता पैजेला नाही म्हणत नसे. नेरूळच्या ग्राहक केंद्राची शनिवारची बैठक.

ऋताचा तिथे दबदबा होता तो एका तक्रारीमुळे. तिच्या नव्या पाण्याच्या बाटलीचं झाकण आठवड्यात तडकलं, दप्तर भिजलं, तिनं फोटोसकट तक्रार लिहिली आणि केंद्राच्या पत्रिकेनं छापली. इथल्या सोसायट्यांना एक सवय आहे: तक्रारीचं पान कापायचं आणि लिफ्टमध्ये चिकटवायचं. मग ते तिथेच राहतं. लिफ्टमध्ये नाव वाचून अनोळखी काकवाही ऋताशी कौतुकानं बोलायला लागल्या.

पुढे मात्र कंपनीनं कमाल केली. तळवलीतली छोटीशी कंपनी, पण तिनं दुकानांतला सगळा माल परत मागवला, बाटली घेतलेल्यांना शोधून फोन केले, नवी झाकणं घरपोच दिली. हे कुठेच छापून आलं नाही. लिफ्टमधलं पान तसंच, आणि ते वाचून लोक अजून त्या बाटल्यांना नाकं मुरडत होते. ऋताला ते पान बघवेना. पण बोलावं तर लोक म्हणणार, पोरगी विकली गेली. "तुलाच बाटलीत उतरवलंय त्यांनी," असं संघप्रिया म्हणालीही होती. बाबांचं मत, नाव झालंय ना चांगलं, आता गप्प बस.

सुनयनाताईंनी चष्मा पुसला. कौतुक छापायला लागलो की कंपन्या पोत्यानं कौतुक आणून ओततील, मग आपल्यात आणि जाहिरातीत फरक काय, असं त्या म्हणाल्या. मागे कोणीतरी टाळी वाजवली. ऋताचं तोंड मात्र थांबलं नाही.

"मग तक्रारीला मागता तेवढाच पुरावा मागा ना, ताई. कुणाकडून घ्यायचं नाही हे आपण सांगतो. घ्यायचं कुणाकडून, ते लोकांनी जाहिरातीलाच विचारायचं का?"

ताईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग हळूच हसल्या.

"तपासणार कोण?"

"मी."

"कंपनीकडून चॉकलेटसुद्धा घ्यायचं नाही. आणि उद्या तीच कंपनी बिघडली, तर तेही तूच लिहायचं."

"चालेल."

बाहेर आल्यावर ऋतानं एवढा मोठा श्वास सोडला की जागृती घाबरलीच. पैजेची पाणीपुरी तिघींनी नाकाडोळ्यांतून पाणी येईस्तोवर खाल्ली. ऋताला आज तिखट लागतच नव्हतं.

घरी आई कोथिंबीर निवडत होती, बाबा मॅच बघत होते. ऋता थेट टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली.

"आई, बाबा, पुढच्या अंकात त्या कंपनीचं चांगलं येणार आहे. मी लिहिणार, आणि खाली माझं नाव असणार. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत. आणि दर शनिवारी मी केंद्रात जाणार. विचारत नाहीये, सांगतेय."