शनिवारची फायनल आणि कानबाईचा रोट

सुंदरबाईने रेशमाचा उजवा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि ती एकेक बोट दाबून पाहायला लागली.

"इथं दुखतं?"

"नाही."

"आणि इथं?"

"नाही हो, मावशी."

"बरं, इथं?"

या खेपेला रेशमाने फक्त खालचा ओठ दातांत धरला. करंगळीशेजारचं बोट मधल्या पेरापाशी चांगलंच सुजलं होतं.  सुंदरबाईने वाटीतलं कोमट तेल बोटाला अगदी हलकेच लावलं.

"प्रॅक्टिसला बॉल लागला, एवढंच," रेशमा म्हणाली. "सरांनी डॉक्टरांना दाखवलं. हाड शाबूत आहे. चिकटपट्टी लावली की झालं."

"शनिवारी दुसऱ्या कुणाला उभं करता येणार नाही का?"

रेशमा तिच्याकडे बघतच राहिली. "फायनलला? मावशी, हे तुम्ही म्हणताय?"

पोरीला नवल वाटलं त्यात तिची चूक नव्हती. देवपूरच्या कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघाला सुंदरबाईइतका कडवा पाठीराखा अख्ख्या धुळ्यात नव्हता. मैदान तिच्या गच्चीच्या अगदी पाठीमागे. पहिल्यांदा ती तिथे गेली होती ती भांडायला. वाळत घातलेल्या बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, मधोमध येऊन बॉल पडला होता आणि तो काखोटीला मारून ती तरातरा मैदानात उतरली होती. तिथे कॉर्नर चालला होता. तो होईस्तोवर थांबावं म्हणून ती कडेला उभी राहिली, गोल झाला, आणि भांडण राहिलं ते राहिलंच. तेव्हापासून ती एकही मॅच चुकवत नव्हती. नाशिकहून तिचा मुलगा फोनवर चिडवायचा, "आई, तुझ्या वयाच्या बायका कीर्तनाला जातात, तू ऑफसाइडवरून रेफरीशी भांडतेस." त्यावर सुंदरबाईचं म्हणणं असं की रेफरी आंधळा असेल तर कुणीतरी भांडायलाच हवं.

पुढे मागची खोली तिने याच संघाच्या गोलकीपरला भाड्याने दिली. रेशमा चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची. बाप वेस्ता पावसाच्या भरवशावर थोडी ज्वारी पिकवायचा आणि उरलेलं वर्ष मजुरीला जायचा. पोरीने खेळाडूंच्या राखीव जागेतून पोलिसात जायचं ठरवलं होतं, आणि ते सगळं त्या दोन हातांवर उभं होतं. मॅचच्या आधल्या संध्याकाळी सुंदरबाई तिला समोर बसवायची आणि पुढच्या संघाची चिरफाड करायची. कोण डाव्या पायाने मारते, कोण पडल्याचं नाटक करते, कोण दमल्यावर शिव्या द्यायला लागते. शनिवारी जळगावात गाठ होती ती ललिता नावाच्या पोरीच्या संघाशी. या ललिताची किक म्हणजे तोफेचा गोळा. मागच्या वर्षी तिने मारलेला बॉल अडवताना समोरच्या गोलकीपरचं मनगट मोडलं होतं. एरवी सुंदरबाईने या ललितावर दोन संध्याकाळी घालवल्या असत्या. या वेळी तिच्या तोंडून नाव निघत नव्हतं.

कारण सेमीफायनलच्या दिवशी तिच्या हातून घडू नये ते घडलं होतं.

मॅच पेनल्टीवर गेली होती. शेवटचा बॉल रेशमाने उजवीकडे झेप घेऊन असा काही अडवला की सुंदरबाईची चप्पल पायातून निघून पुढच्या बाईच्या डोक्यावर पडली. घरी आली ती नाचतच. ओट्यावर डबा होता, डब्यात रोट होते. तिने त्यातला एक काढला, चिखलाने माखलेल्या रेशमाच्या हातात कोंबला आणि म्हणाली, "खा, माझी वाघीण!" रेशमा क्षणभर घुटमळली, मग हात-तोंड धुऊन खाते म्हणत खोलीत गेली. रात्री जेवायला बसल्यावर सुंदरबाईने आपल्यासाठी रोट मोडला, आणि घास तोंडापाशीच थांबला.

ते रोट कानबाईचे, घरच्या देवीचे, होते. श्रावणात सोनगीरला थोरल्या जावेच्या घरी कानबाई बसते, तेव्हा घराण्यातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मुठीने गहू काढतात, त्याच पिठाचे जाडजूड रोट होतात आणि भाऊबंदांत वाटले जातात. पौर्णिमेच्या आत ते संपवायचे, आणि संपवायचे ते घरच्यांनीच. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा त्यातला तुकडा मिळत नाही. परक्याच्या पोटात तो जाता कामा नये. सासरी आल्यापासून सुंदरबाईने हे इतक्यांदा ऐकलं होतं आणि इतक्यांदा इतरांना ऐकवलं होतं, की आपल्याच हातून ते मोडेल हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं. त्या आनंदात तिला रेशमा परकी आहे हे आठवलंच नाही. सगळा घोटाळा झाला तो तिथे.

आणि आता हे बोट सुजलं होतं. कोपाला सुरुवात झाली, असं सुंदरबाईच्या मनाने घेतलं.

शुक्रवारी सकाळी ती बस धरून सोनगीरला गेली. ताईबाई, तिची थोरली जाऊ, ओसरीवर चवळीच्या शेंगा निवडत बसली होती. घरची कानबाई तिच्याकडे, तेव्हा घरचा कायदाही तिच्याकडे.

"बैस वं माय. इतली घाईमा कसाले ऊनी?"

"सहज ऊनी, अक्का. याद ऊनी तुमनी."

सुंदरबाईने शेंगांची मूठ पुढ्यात ओढली आणि ती पण निवडायला लागली. थोडा वेळ पाऊसपाण्याचं, मुलाच्या नोकरीचं, गुडघेदुखीचं बोलून झालं. मग तिने शेंगेवरची नजर न उचलता विचारलं, "अक्का, एखादा परका मानूसनी चुकीनं रोट खादा, ते काय करतस वं?"

ताईबाईचा हात थांबला.

"उखर्डूना हात इसरी गयी का तू?"

विसरणं शक्यच नव्हतं. उखर्डू सासऱ्यांच्या वेळचा सालदार गडी. सुंदरबाई नवी नवरी असताना तो अंगणात एका हाताने गुरांना चारा टाकायचा, दुसरी बाही नुसती लोंबत असायची. तिला ते बघवत नसे.

"भूक लागनी म्हनीसन त्यानी रोट खाई टाका," ताईबाई म्हणाली. "त्याच दिवाळीले कापूसना जिनना मशीनमा हात गया त्याना. कोपरापावत."

"पन त्याले बिचाराले काय माहीत?"

"कानबाई मायले काय चूक, आन काय मुद्दाम? परकाना पोटमा गया ते गया." ताईबाईने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "कोनी खादा का?"

"नही वं. सहज इचारं."

"सहज इचाराले कोनी सोनगीरपावत येस का?"

सुंदरबाईने शेंगा खाली ठेवल्या, पदराला हात पुसले आणि बसची वेळ झाली म्हणून ती उठली. सांगितलं असतं तर ताईबाईने घर डोक्यावर घेतलं असतं, त्याची तिला तेवढी धास्ती नव्हती. धास्ती ही होती की उपाय नाही असं ती एकदा तोंडाने म्हणाली, की मग खरंच उपाय उरणार नाही. परतीच्या बसमध्ये समोरच्या सीटचा दांडा धरलेले लोकांचे हात ती बघत बसली. धडधाकट, दहाही बोटं असलेले. मनात म्हणाली, माये, चूक माझी आहे, माझे हात घे. या वयात मला ते कशाला लागतात? बिबड्या थापायला?

संध्याकाळी रेशमा खोलीबाहेर येऊन तिच्यासमोर नेहमीच्या जागी मांडी घालून बसली.

"सांगा. ललिता कुठं मारते?"

"मला नाही माहीत."

"तुम्हाला नाही माहीत?"

"जीव जास्त का मॅच जास्त?" सुंदरबाई एकदम ओरडली. "बॉल जोरात आला तर सोडून दे. हात घालू नको. एक गोल झाला तर काही बुडत नाही."

रेशमा उठून गेली. पाठीराखी म्हणवणाऱ्या बाईने फायनलच्या आधल्या संध्याकाळी गोलकीपरला असं काही सांगावं, याची सुंदरबाईला मागाहून लाज वाटली, पण शब्द काही परत घेववेनात. जळगावला आपण जायचंच नाही, असंही तिने ठरवून टाकलं. डोळ्यांदेखत ते बघणं तिच्याने होणार नव्हतं.

शनिवारी सकाळी संघाला न्यायला आलेली क्रूझर गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली आणि ड्रायव्हरने हॉर्न दिला. रेशमा पाया पडायला वाकली. एका खांद्यावर बॅग, दुसऱ्या हातात बूट. सुजलेल्या बोटाला शेजारच्या बोटासकट पांढरी पट्टी गुंडाळली होती. ती पट्टी दिसली मात्र, सुंदरबाईचा धीर सुटला.

"जाऊ नको," ती म्हणाली. "तुला नाही ठाऊक काय झालंय ते."

आणि मग तिने सगळं सांगितलं. दारातच, उभ्या-उभ्या. कानबाई, रोट, घराणं, उखर्डू, जिन.  हॉर्न पुन्हा वाजला. रेशमाने एकदा गल्लीकडे हात हलवून "आले" म्हटलं आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग बूट खाली ठेवले, खोलीत गेली आणि रुमालात नीट गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली.

"मी खाल्लाच नाही, मावशी."

रुमालात रोट होता. अख्खा. एका कडेला तिच्या मातकट बोटाचा ठसा तेवढा उमटलेला.

 सुंदरबाई उंबऱ्यावर खाली बसली. सुटले गं माये, सुटले, एवढंच तिच्या मनात आलं. काहीच घडलं नव्हतं. बोट बॉलने सुजलं होतं, बोटं बॉलने सुजतातच.

"तुला कुणी सांगितलं, खायचा नाही म्हणून?"

"कुणी नाही. सोमवारी तुम्ही दूधवाल्या तोतारामदादांना खीर दिली, भाजी दिली. रोटाचा डबा मात्र आत सरकवला. तेव्हाच कळलं." रेशमा म्हणाली. "आमच्याकडे पण असतं ना. देवाचं असतं ते बाहेरच्याला देत नाहीत."

"मग घेतलास कशाला?"

"तुम्ही इतक्या खुशीत होतात. नाही कसं म्हणायचं? परत ठेवणार होते गुपचूप, पण डबा तुमच्या नजरेसमोर असतो."

सुंदरबाई रुमालाकडे बघत राहिली. चारही टोकं एकसारखी दुमडलेली होती. आपण दिलेली वस्तू पोरीने परक्याच्या ठेवीसारखी जपली होती, तिचा कण सांडू दिला नव्हता. सुटल्याचं सुख वाटत होतं तिथेच आता काहीतरी खुपायला लागलं. बाहेरची, असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. तिने आपण होऊनच ओळखलं होतं, आणि ओळखून तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. भूक लागली असेल तेव्हा. पेनल्टी अडवून आली होती.

रोट उचलून डब्यात टाकला की प्रकरण मिटत होतं. ताईबाईला कळायचं कारण नव्हतं, कानबाईला कोपायचं कारण नव्हतं. सुंदरबाई उठली. तिने रोट दोन्ही हातांत धरला आणि जोर लावून मोडला. इतक्या दिवसांत तो चांगलाच कडक झाला होता.

तुकडा घेऊन तिचा हात पोरीच्या तोंडाकडे निघाला आणि अर्ध्यात अडकला. उखर्डूची ती रिकामी बाही तिला दिसली. दुपारी ललिता बॉल मारणार होती, आणि ही आडवी पडून त्यात हात घालणार होती. घालू नको म्हटलं तरी घालणारच होती. ही घरची आहे असं आपण म्हणून काय उपयोग, त्या मायनेही तसं म्हणायला हवं ना? हात पुढेही जाईना आणि मागेही येईना. 

रेशमाने तो अडकलेला हात पाहिला. सगळं ऐकून झालं होतं तिचं, उखर्डूसकट. तिने एका हाताने खांद्यावरच्या बॅगचा पट्टा धरला, दुसऱ्याने बूट उचलले, आणि दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे मान पुढे करून तुकडा सुंदरबाईच्या बोटांतून दातांनीच उचलला.

बराच वेळ चावावा लागला. हॉर्न वाजतच होता.

"नुसताच?" भरल्या तोंडाने ती म्हणाली. "खीर नाही का?"

सुंदरबाईला हसू आलं नाही.  "ललिता उजवीकडे बघते आणि डावीकडे मारते," ती घाईघाईने म्हणाली, "तिच्या डोळ्यांकडे बघू नको, पायाकडे बघ. आणि गाडी थांबव, मी येते," आणि तशीच आत वळून फळीवर, खुंटीवर, फ्रिजवर घराचं कुलूप शोधायला लागली.